एका गाण्यानं दिलेली मोकळीक

ग्लेन कॅम्पबेलच्या आवाजातलं ‘जेंटल ऑन माय माइंड’ हे गाणं कंट्री संगीताच्या वाटेला न जाणाऱ्यांच्याही कानांवरून कधी ना कधी गेलेलं असतं. एल्व्हिस प्रेस्ली, डीन मार्टिन, अरीथा फ्रँकलिन अशा एकमेकांशी काडीचं साम्य नसलेल्या गायकांनीही ते गायलं. लिहिलं होतं जॉन हार्टफर्डनं. ‘डॉक्टर झिवागो’ हा चित्रपट पाहून आल्यावर जेमतेम अर्ध्या तासात ते कागदावर उतरलं, असं तो सांगत असे. १९६७ साली ते आलं, पुढच्या वर्षी ग्रॅमी पुरस्कार घेऊन गेलं, आणि त्याच्या रॉयल्टीनं हार्टफर्डला जन्मभराची निश्चिंती दिली. त्या निश्चिंतीचं त्यानं काय केलं, हे मला त्या गाण्याहून मोठं वाटतं. त्याचं उत्तर आहे १९७१ चा ‘एरिओ-प्लेन’ हा अल्बम, जो निघाला तेव्हा फार थोड्यांनी विकत घेतला.

बाजार अशा माणसाकडे एकच गोष्ट मागतो: तसलंच आणखी एक. हार्टफर्डला ते जमण्यासारखंही होतं. तो लॉस एंजेलिसमध्ये होता, कॅम्पबेलच्याच टीव्ही कार्यक्रमात प्रेक्षकांतून उठून बँजोवर शीर्षकधून छेडायचा, देशभर ओळखीचा चेहरा झाला होता. ते सगळं मागे टाकून तो नॅशव्हिलला आला. केस-दाढी वाढवली आणि तारांची वाद्यं वाजवणारे चार जण गोळा केले. नाही म्हणता येणं ही नुसती स्वभावाची गोष्ट नसते; पुढच्या महिन्याचं घरभाडं कुठून येणार हे आधी ठरलेलं असावं लागतं. कलावंताच्या बाणेदारपणाबद्दल बोलताना आपण हा हिशेब सोडून देतो, आणि मग ज्यांना नाही म्हणता आलं नाही त्यांना उगाचच कमी लेखतो.

ते चार जण कोण, हे सांगायलाच हवं. फिडलवर व्हॅसार क्लेमेंट्स. ब्लूग्रास या कंट्री संगीताच्या शाखेचे जनक बिल मन्रो यांच्या वाद्यवृंदात तरुणपणीच वाजवलेला. गिटारवर नॉर्मन ब्लेक, ज्याची गिटार बॉब डिलनच्या ‘नॅशव्हिल स्कायलाइन’वरही आहे. डोब्रोवर टट टेलर. डोब्रो म्हणजे धातूच्या तबकडीची, आडवी धरून पट्टीनं वाजवायची गिटार. आपल्या जुन्या ऑर्केस्ट्रांतल्या हवाईयन गिटारची जवळची नातलग. ती बोटांत नख्या घालून वाजवायचा प्रघात. टेलर मात्र एकाच चपट्या पिकनं वाजवायचा. आणि बासवर बँजोचे महर्षी अर्ल स्क्रग्ज यांचा मुलगा रँडी, विशीही न गाठलेला. ड्रम नाहीत.

ध्वनिमुद्रणाची सूत्रं डेव्हिड ब्रॉमबर्गकडे होती आणि हार्टफर्डनं एक विलक्षण नियम घातला होता: वाजवलेलं कुणीही परत ऐकायचं नाही. टेप फिरत राहील, आपण वाजवत राहायचं, आणि शेवटी कोणतं गाणं, त्याचा कोणता टेक ठेवायचा हे ब्रॉमबर्ग ठरवेल. स्टुडिओत काम केलेल्या माणसाला यातलं धाडस लगेच कळेल. परत ऐकलं की माणूस स्वतःला सुधारायला लागतो. मागच्या खेपेला जे चुकलं ते टाळण्याच्या नादात या खेपेला काही घडूच देत नाही. मैफलीत ती सोय नसते. गेलेली जागा गेली. हार्टफर्डनं स्टुडिओला मैफलीचा हा धाक लावला. गाण्याच्या पैशातून मिळालेलं स्वातंत्र्य बहुतेक जण अधिक ताबा मिळवण्यासाठी वापरतात. यानं असलेला ताबाही दुसऱ्याच्या हाती दिला.

त्याचा परिणाम क्लेमेंट्सच्या फिडलमध्ये सगळ्यांत स्पष्ट ऐकू येतो. गाणं सरळ चाललेलं असतं, आणि हा माणूस एका सुरावरून दुसऱ्यावर अशी मींड घेतो की क्षणभर ब्लूग्रासची चौकट विसरून जॅझच्या अंगणात गेल्यासारखं वाटतं. मागे ब्लेक शांतपणे ठेका धरून आहे, त्यामुळे हा कितीही लांब गेला तरी परतायला जागा आहे. ‘स्टीम पॉवर्ड एरिओ प्लेन’मध्ये वाफेवर चालणाऱ्या विमानाची कल्पना आहे. सेंट लुईसला वाढलेल्या, मिसिसिपीवरच्या आगबोटींवर लहानपणापासून जीव असलेल्या माणसालाच ती सुचावी. ती गमतीची आहे, आणि तरीही तिच्यातली ओढ खरी आहे. सगळीच गाणी या तोलाची नाहीत. ‘बूगी’ नावाचा खर्जातल्या घोगऱ्या आवाजातला चाळा मला एकदा ऐकून पुरला. पण तो टाकला असता तर अल्बम उगाच गंभीर चेहऱ्याचा झाला असता.

अल्बमचा आरंभ आणि शेवट दोन्हीकडे आल्बर्ट ब्रमली यांचं ‘टर्न युवर रेडिओ ऑन’ हे जुनं भक्तिगीत आहे, आणि मधे ‘टेअर डाउन द ग्रँड ओल ऑप्री’ हे शोकगीत. ऑप्री हा नॅशव्हिलचा रेडिओ कार्यक्रम १९४३ पासून रायमन सभागृहातून प्रसारित व्हायचा. १८९२ साली प्रार्थनागृह म्हणून उभी राहिलेली ती वास्तू सोडून ऑप्री शहराबाहेरच्या करमणूक-उद्यानात न्यायचं घाटत होतं. १९७४ च्या मार्चमध्ये ते झालंही. हार्टफर्डनं त्याआधीच रडून घेतलं, तेही अशा चालीवर की पाय आपोआप हलावेत. या अल्बममध्ये मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हेच. जुन्यावर त्याचं प्रेम आहे, पण त्यानं त्याची समाधी बांधलेली नाही. थट्टा आणि आदर एकाच ओळीत नांदतात, कारण ज्यांची तो थट्टा करतो ती त्याच्या घरची माणसं आहेत. रायमन पुढे वाचलं. २००० च्या मे महिन्यात ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या चित्रपटातल्या संगीताची मैफल त्याच रंगमंचावर झाली, तेव्हा सूत्रसंचालन कर्करोगानं खंगलेला हार्टफर्डच करत होता.

मग १९७१ मध्ये हा अल्बम मागे का पडला? गॉगल लावलेला, जटाधारी माणूस मुखपृष्ठावर पाहून कंट्रीच्या श्रोत्यांना तो हिप्पी वाटला असणार, आणि आत फिडल-बँजो ऐकून रॉकच्या श्रोत्यांना गावंढळ. दुकानदारानं तो कोणत्या खणात ठेवावा हा प्रश्नच होता. रेकॉर्ड कंपनीनंही जोर लावला नाही. वाजवणाऱ्यांनी मात्र तो कान देऊन ऐकला. ‘न्यू ग्रास रिव्हायव्हल’ या वाद्यवृंदाचा सॅम बुश ब्लूग्रासच्या नव्या शाखेचं श्रेय आजही याच अल्बमला देतो. हे श्रेय योग्यच आहे, पण त्यामुळे अल्बम नुसता पुढच्यांची पायरी ठरतो, हे मला खटकतं. पुढे काहीही घडलं नसतं तरी ही पाच माणसं त्या खोलीत जे वाजवून गेली ते तितकंच सुरेख राहिलं असतं.

१९७२ मध्ये ‘मॉर्निंग ब्यूगल’ आला. त्यावर ब्लेकच्या जोडीला जॅझवादक माइल्स डेव्हिसकडून आलेला बासवादक डेव्ह हॉलंड होता. तोही खपला नाही, तेव्हा हार्टफर्डनं कंपनीकडे करारातून मोकळं करायची मागणी केली. पुढे १९७६ मध्ये एका छोट्या कंपनीसाठी त्यानं ‘मार्क ट्वँग’ केला. त्यात साथीला कुणीच नाही: फिडल, बँजो, गिटार, आवाज आणि प्लायवूडच्या फळीवर ताल धरणारे त्याचे स्वतःचे पाय. त्याला ग्रॅमी मिळालं. पण हार्टफर्ड नदीवरही तितकाच रमत होता. त्यानं सुकाणूवाल्याचा परवाना काढला होता आणि ‘ज्युलिया बेल स्वेन’ ही आगबोट तो स्वतः हाकायचा.