काळजीपासून दूर

थायलंडच्या आखातावर हुआ हिन हे समुद्रकाठचे शहर आहे. राजा प्रजाधिपोक यांनी 1920च्या दशकात तिथे राजवाडा बांधायला घेतला आणि त्याला नाव दिले ‘क्लाइ कांगवोन’. म्हणजे काळजीपासून दूर. 24 जून 1932 रोजी बँकॉकमध्ये उठाव होऊन अनियंत्रित राजसत्ता संपली, तेव्हा राजे याच वाड्यात होते. 1935 मध्ये त्यांनी राजत्याग केला आणि 1941 मध्ये ते इंग्लंडमध्ये वारले.

आज उलट दिशेचा प्रवास चालू आहे. इंग्लंड, जर्मनी, स्कँडिनेव्हियातले निवृत्त लोक उरलेले आयुष्य काढायला हुआ हिनला येतात. त्यांना नाके मुरडणे सोपे आहे, न्याय्य नाही. मायदेशात पेन्शन पुरत नसेल, तर ते पुरेल तिथे माणूस जाणारच. त्यातही थायलंडमध्ये राहणाऱ्याचे ब्रिटिश सरकारी पेन्शन दरवर्षी वाढत नाही, ते गोठते. निवृत्तांसाठीच्या नेहमीच्या परवान्याला वय किमान 50 लागते आणि बँकेत 8 लाख बाट किंवा दरमहा 65,000 बाट उत्पन्न दाखवावे लागते. मुदत वर्षाची, शिवाय दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा. जमीन सहसा नावावर होत नाही. यजमान देशच त्याला आपला म्हणायला तयार नाही. मग त्याचेही तिथल्या माणसांशी नाते पैसे मोजण्यापुरतेच असले, तर बिघडले कुठे?

वानप्रस्थ आठवतो, पण तिथे गरजा कमी करत न्यायच्या असतात. इथे शरीर थकेल तशी दुसऱ्याची गरज वाढत जाते. मराठीत काळजी ‘करतात’ आणि काळजी ‘घेतात’ही. अनुवाद करताना बहुधा यातला एकच अर्थ निवडावा लागतो. आयुष्यात तशी निवड करता येत नाही. पहिल्या काळजीतून सुटायला आलेल्या माणसाला दहा वर्षांनी दुसरी काळजी लागते. ती घेणारी बाई अनेकदा ईसानमधून, म्हणजे देशाच्या ईशान्येकडून आलेली असते. (ईसान हे नाव संस्कृत ‘ईशान’वरूनच आले.) तिची मुले गावी आजी-आजोबांकडे वाढतात. त्या म्हाताऱ्यांना मिळणारा सरकारी भत्ता वर्षानुवर्षे महिना 600 ते 1000 बाट एवढाच राहिला आहे. ती काळजी घेते इथे आणि करते तिथली.

पगार चोख दिला की हिशेब मिटला, असे म्हणता येईल. तिला मालकाची आपुलकी नकोही असेल. पैसे देऊन माया मागणे हीसुद्धा एक जबरदस्तीच. म्हणून मी मायेबद्दल बोलत नाही. गावाकडून आई आजारी असल्याचा फोन आला, तर पगार न कापता तिला जाऊ द्यावे आणि तेवढे दिवस आपली गैरसोय सोसावी. निघताना आईचे काय झाले हे तिच्या भाषेत विचारता येईल, एवढी थाई शिकावी. तिच्या काळजीचा थोडा भार आपल्याही दिवसावर पडू द्यावा, इतकेच. परवाना एवढे मागत नाही. पण ज्या गावात मरायचे ठरवले, तिथे शेवटपर्यंत नुसते गिऱ्हाईक म्हणून राहायचे नसेल, तर याहून कमी देऊन भागणार नाही.