उन्हाला तोंड करून

डिसेंबरची पहाट आहे. कळंबोलीच्या कडेला, इमारती संपून खाजणाचा उरलासुरला तुकडा सुरू होतो तिथे, बांधावर उभे राहा. कॅमेरा असो की मोबाईल, अजून खिशातच असू द्या.

आधी पायाखाली बघा. दवाने ओली, चपलेला चिकटणारी माती. पुढे पाणकणसाचे रान, मधे साचलेले काळे पाणी, त्याच्या काठावर एक ढोकरी, मातीचाच गोळा वाटावी अशी. सिडकोने वसाहत उभारताना ठेवलेल्या अशा खोलगट जागांना इथे होल्डिंग पॉन्ड म्हणतात. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी खाडीत जाऊ शकत नाही; ते इथे थांबते आणि ओहोटीला निघून जाते. इंग्रजी कादंबऱ्यांत ‘मूर’ नावाचा ओसाड, ओला माळ भेटतो. आपल्याकडे त्याच्या जवळचे काही असेल तर हे खाजण. ना धड जमीन, ना धड पाणी.

मागे लोखंड बाजाराकडे वळणाऱ्या ट्रेलरची घरघर आहे. ती थांबणार नाही. थांबावी अशी वाटही बघू नका.

आता मान वर करा. आग्नेयेकडे प्रबळगडाचा सपाट माथा, त्याच्या डाव्या टोकाला कलावंतिणीचा सुळका, दोघांमधे खोल खाच. उन्हाळ्यात सूर्य इथून बराच डावीकडे उगवतो. दक्षिणायन संपत आले की सरकत सरकत या डोंगराशी येतो. पंचांगातली सूर्योदयाची वेळ होऊन जाईल, तरी तो दिसणार नाही. डोंगर चढून यायला त्याला आणखी दहाबारा मिनिटे लागतात. त्या मिनिटांत काहीही करू नका. श्वास येतो, जातो. हवेला चिखलाचा आणि थोडा डिझेलचा वास आहे, तोही येऊ द्या.

लहानपणी फोटो काढणाऱ्याने आपल्याला एकच गोष्ट बजावली होती: उन्हाकडे तोंड करून उभे राहा, नाहीतर चेहरा काळा येईल. म्हणून सहलीच्या जुन्या फोटोंत सगळ्यांचे डोळे बारीक असतात. सल्ला चुकीचा नव्हता. आज मात्र काळे येऊ द्यायचे आहे.

सूर्यासमोर उभे राहणे तसे आपल्याला नवे नाही. अर्घ्य देणारा ओंजळ वर धरतो आणि पडत्या पाण्याच्या पडद्याआडून त्याच्याकडे बघतो. तुम्हीही थेट बघू नका. काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून तर मुळीच नको, डोळा जाईल. नजर गवतावर ठेवा.

डोंगराची कड पिवळी होते आणि गवत एका बाजूने पेटते. पाणकणसाच्या फुटलेल्या कणसातला कापूस, कोळ्याच्या जाळ्याचा एकेक धागा, पात्याच्या टोकाचा थेंब: मघाशी नव्हतेच असे वाटावे ते आता सगळ्यांत उजळ. आणि प्रबळगड, विजेचे मनोरे, क्रेन? कात्रीने कापलेला काळा कागद. ही अदलाबदल सावकाश बघा. एका धाग्यावर थांबा. वाऱ्याने तो कलला की विझतो, परत आला की लागतो.

मग धूळ. कळंबोलीत राहणारा माणूस जिला रोज शिव्या घालतो ती, ट्रकच्या चाकांची, लोखंडाच्या वखारींची, महामार्गाची. हवेतले बारीक कण प्रकाश मागे थोडा आणि पुढे पुष्कळ फेकतात. म्हणून सूर्य पाठीशी असताना ती फारशी जाणवत नाही. समोर घेतला की झाड आणि डोंगर यांच्यामधली हवा भरून आलेली दिसते. जवळची कड काळी, तिच्यामागची राखाडी, त्याहून मागची जेमतेम. एवढी हवा मधे आहे, हे धुळीमुळे कळले. (धूळ चांगली असे मी म्हणत नाही. माझा खोकला मला ठाऊक आहे.)

आता कॅमेरा काढा. तो बिचकेल. समोरचे सगळे मध्यम करड्या उजेडाचे आहे असे धरून तो मोजतो, आणि एवढे ऊन बघून चित्र अंधारात ढकलतो. आकाश राखायचे की गवत, ते तुम्ही ठरवा. एका फोटोत दोन्ही सहसा मिळत नाहीत. लेन्सचे ॲपर्चर एफ-१६ पर्यंत बारीक करा. सूर्य कडेआड अर्धा असला की त्याला आरे फुटतात. ॲपर्चरला ८ पाती असतील तर ८ आरे, ९ असतील तर १८. आकाशात असले काही नाही, तो तुमच्या यंत्राच्या पात्यांचा ठसा आहे.

आपल्या रुंदीइतका सरकायला सूर्याला साधारण २ मिनिटे लागतात. तेवढ्यात फोटो काढा. एकच.

मी पहिल्यांदा काढला त्यात एक धुरकट पट्टा आला होता. खाजणावरचे धुके म्हणून मी तो चार जणांना दाखवला. दोन दिवसांनी लेन्स खिडकीपाशी तिरकी धरली, तर काचेवर माझाच अंगठा, रेघांसकट. आधीच्या कितीतरी फोटोंच्या वेळीही तो तिथेच असणार.

तुमचीही काच तिरकी धरून बघा. शर्टाच्या टोकाने पुसू नका, ओरखडे पडतात. फुंकर मारा, मऊ फडके हलकेच फिरवा. सूर्य कडेवरून सुटला असेल, पण गवत अजून थोडा वेळ पेटलेले राहील.