पाऊस कोणासाठी थांबावा?

देवाजवळ काही मागावे की मागूच नये, हा वाद फार जुना आहे आणि त्यात थोरामोठ्यांनी पुष्कळ सांगून ठेवले आहे. माझा प्रश्न त्यामानाने लहान आहे. मागण्यापूर्वी माणसाने आजूबाजूला पाहावे की नाही? मला हा प्रश्न देवळात पडला नाही, पोथी वाचताना पडला नाही, सायकलवर पडला.

पावसाळ्यात सायकल घेऊन खेडोपाडी हिंडण्याची मला आवड आहे. शर्यत नाही, घाई नाही. तासाला दहाबारा किलोमीटर झाले तरी पुष्कळ. दिवेघाट लागला की खाली उतरावे, सायकल हाताने ढकलीत वर यावे. त्यात कमीपणा कसला? वर सासवड, आणि पुढे कऱ्हेच्या आसपासचे आडरस्ते. माउलींची पालखी ज्या वाटेने जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद करीत जाते, त्या वाटेच्या डाव्याउजव्या अंगाचा हा मुलूख. मोटारीतल्या माणसाला पाऊस नुसता दिसतो. सायकलवाल्याला तो आधी वासाने कळतो, मग वाऱ्याने, आणि मग अंगावर. ओल्या चाकाला ब्रेकचे रबर चटकन धरीत नाही, म्हणून उतारावर आधीपासूनच हात आवरता ठेवावा लागतो. रस्त्यावरचे पांढरे पट्टे निसरडे होतात. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल, ते चाक आत गेल्यावरच समजते. तेव्हा ह्या प्रवासात आभाळाकडे पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि आभाळाकडे पाहिले की माणूस मागू लागतो.

ह्या भागातला पाऊस मोठा लहरी. समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि बहुतेक पाणी तिथेच टाकतात. पलीकडे उतरताना ते कोरडे होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आसपास असलेल्या फलटणला जेमतेम पाचशेच्या घरात. मधल्या पट्ट्यात एका शिवारात सर पडते, बांधापलीकडे फुफाटा उडतो. मोबाइलवर वेधशाळेचा अंदाज असतो खरा, पण तो एकेका शेताचा नव्हे. अमक्याच्या बाजरीवर पडेल की तमक्याच्या, हे तो कसे सांगणार?

एका वर्षी मृगात चांगली सर झाली आणि लोकांनी पेरण्या उरकल्या. आर्द्रा कोरड्या गेल्या. पुनर्वसूच्या सुरुवातीस, म्हणजे ज्याला आपण तरणा पाऊस म्हणतो त्या दिवसांत, मी सासवडच्या पुढे एका आडरस्त्याला लागलो होतो. पश्चिमेकडून काळे ढग आले. बरोबर रेनकोट घेतला नव्हता. चुकलेच, पण कबूल कोण करतो? मनातल्या मनात म्हणालो, "पांडुरंगा, अर्धा तास धरून ठेव रे बाबा." पुढे एस.टी.ची शेड होती, तिथे थांबलो. शेडीत एक वयस्क बाई पाटी शेजारी ठेवून बसल्या होत्या. समोरच्या तुकड्यात बाजरी वीतभर वाढून माना टाकून उभी होती. बाई ढगाकडे पाहत होत्या आणि त्यांच्याही तोंडी पांडुरंगच होता.

वारा फिरला. चारदोन टपोरे थेंब धुळीत पडले, आणि ढग आमच्या डोक्यावरून पूर्वेला निघून गेला.

मी सहज म्हणालो, "बरं झालं मावशी, हुकला पाऊस."

"तुमचं बरं झालं, दादा," त्या म्हणाल्या. "आता दुबार पेरायचं म्हंजी बी पुन्ना इकत आणायचं." बोलण्यात राग नव्हता. पाटी उचलून त्या बांधाने निघूनही गेल्या.

मी कोरडा घरी आलो. पण ते वाक्य बरोबर आले. माझ्या सांगण्यावरून ढग हटला, असे मानण्याइतका मी भोळा नाही. त्याला वाऱ्याने नेले. पण म्हणून मी सुटलो काय? ढग हटविण्याची शक्ती माझ्या अंगी असती, तर त्या घटकेला मी ती वापरलीच असती, आणि एका कोरड्या सदऱ्यासाठी त्या माउलीचे पीक वाळविले असते. पाप घडले नाही ते माझ्या चांगुलपणामुळे नव्हे, माझ्या दुबळेपणामुळे.

कोणी म्हणेल, बाईंचे मागणेही सकामच होते. असेल. परंतु दोन्ही सकाम म्हणून दोन्ही सारखी होत नाहीत. एका पारड्यात सदरा, दुसऱ्यात वर्षाची भाकरी. 1630च्या सुमारास पाऊस गेला आणि तुकोबारायांच्या घरातली माणसे अन्नावाचून गेली, हे आपण कीर्तनांतून ऐकत आलो. पाऊस न येणे म्हणजे काय, हे आपल्या परंपरेला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. वाटेत सर आली की कित्येक वारकरी भिजत भिजत खूश होतात, कारण अंग वाटेवर असले तरी जीव घरच्या पेरलेल्या रानात असतो.

मग पाऊस सदा पडतच राहो असे म्हणावे काय? तेही नव्हे. चैत्रातली अवकाळी सर उन्हाने पोळलेल्या सायकलवाल्याला गोड लागते. त्याच सरीने शेतात काढून ठेवलेला कांदा सडतो, द्राक्षाचे घड फुटतात. तेव्हा प्रश्न पावसाच्या बऱ्यावाईटपणाचा नाहीच. माझी इच्छा कोणाच्या रानावरून जाते, एवढे पाहण्याचा आहे.

हिंडण्यात दोष नाही, मौजेतही नाही. पण जी गोष्ट केवळ माझ्या मौजेची, तिच्यासाठी आभाळाला वेठीस धरू नये. रेनकोट घ्यावा, नाहीतर डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घ्यावा. वीज कडाडत असेल तर झाड टाळून पक्क्या छपराखाली थांबावे. त्यातूनही भिजलो तर भिजलो.

पुढे म्हाताऱ्या पावसात, पुष्य नक्षत्र असताना, पुन्हा त्याच वाटेने गेलो. तो तुकडा कुळवून पुन्हा पेरलेला होता, मातीतून कोवळे कोंब नुकते वर येत होते. मावशी दिसल्या नाहीत. इतक्यात पावसाने धरले, आणि सवयीप्रमाणे तोंडाशी आले, "पांडुरंगा, अर्धा तास..." पुढचे शब्द गिळले. शेडीत थांबलो नाही. नखशिखान्त भिजून, साखळीत चिखल भरलेली सायकल घेऊन अंधार पडता पडता घरी पोचलो.

सवय अजून गेलेली नाही. ढग आला की तेच शब्द आधी येतात. फक्त आता ते उच्चारण्यापूर्वी रस्त्याच्या कडेचे रान पाहतो. रामकृष्णहरि.