सांधा चांगला आहे, असे कोणी म्हणावे?

वाचकहो, सुक्या गोदीत उभ्या असलेल्या जहाजाखाली आपण कधी गेला आहात काय? पाणी उपसून काढलेल्या त्या विस्तीर्ण खड्ड्यात जहाज ठोकळ्यांवर बसलेले असते आणि एरवी समुद्राने झाकलेले त्याचे बूड उघडे पडते. गंजून पातळ झालेले पत्रे कापून तेथे नवे जोडणे हे वेल्डरचे काम. कधी त्याला दुहेरी तळातल्या टाकीत, माणूस जेमतेम शिरेल अशा भोकातून उतरावे लागते. आत ज्वालाग्राही वायू नाही असा दाखला मिळाल्याखेरीज तेथे ठिणगी पाडावयाची नसते, आणि भोकाच्या तोंडाशी एक सोबती सतत बसवावा लागतो. मुंबई, कोची, विशाखापट्टणम येथील गोद्यांत हे काम नित्य चालते. ते पुरे झाले की सांध्यावर रंग चढतो, गोदीत पाणी सोडले जाते, आणि पुढे काही वर्षे तो सांधा कोणाच्याही दृष्टीस पडत नाही.

अशा झाकल्या जाणाऱ्या कामाला ‘चांगले’ म्हणण्याचा अधिकार कोणाचा?

तपासनीस असतो, हे खरे. तो सांधा डोळ्यांनी पाहतो, भेगा दाखवणारा रंगीत द्राव लावतो, मोक्याच्या जागी क्ष-किरणांनी किंवा ध्वनिलहरींनी तपास करतो. परंतु प्रत्येक वीत अशी तपासली जात नाही. शिवाय या कामात एक विलक्षण दोष संभवतो. जाड व अधिक मजबूत पोलादासाठी लागणारे खास रॉड भट्टीत वाळवून गरमच ठेवावे लागतात. ते दमट हवेत उघडे राहिले तर त्यांच्या लेपात ओलावा शिरतो, त्यातील हायड्रोजन वितळलेल्या धातूत उतरतो, आणि भेग पडते ती काही तासांनी, कधी एकदोन दिवसांनी. तोवर वेल्डर घरी गेलेला असतो. रॉड किती वेळ उघडा होता, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक नसते. रुंद फटीत लोखंडाचे तुकडे टाकून वरून सुबक थर फिरवणे ही तर या धंद्यातली जुनीच लबाडी.

आपल्या उपदेशपीठावरून यावर ठरीव उत्तर मिळते: देव गुप्त गोष्टी पाहतो, म्हणून कामगाराने इमानाने वागावे. हे उत्तर खोटे नव्हे. पण ते अपुरे आहे, असे माझे मत आहे.

यशयाच्या ४१व्या अध्यायात मूर्ती घडवणाऱ्या कारागिरांचे उपरोधिक चित्र आहे. ते एकमेकांस धीर देतात, सांध्याकडे पाहून तो चांगला असल्याचे सांगतात, आणि तरीही मूर्ती डळमळू नये म्हणून तिला खिळे ठोकतात. येथे सांध्यासाठी हिब्रू शब्द आहे ‘देबेक’. भाषांतर करताना या शब्दापाशी मी दरवेळी थबकतो, कारण पती पत्नीशी जडून राहतो आणि रूथ नामीला बिलगते, त्या दोन्ही ठिकाणी हाच धातू आहे. मराठीत तीन जागी तीन शब्द येतात आणि त्यांचे नाते लोपते. ‘चांगला’ हा शब्दही साधा नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात उत्पन्नकर्ता आपल्या कृतीविषयी तोच उच्चारतो. यशयातले कारागीर तो स्वतःच स्वतःला बहाल करतात.

मग निवाडा केवळ वेल्डरच्या विवेकबुद्धीवर सोपवावा काय? १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे ‘स्कनेक्टडी’ हे नवे कोरे तेलवाहू जहाज, शांत पाण्यात धक्क्याला बांधलेले असताना, प्रचंड आवाज होऊन मधोमध दुभंगले. दोष प्रथम वेल्डिंगच्या माथी गेला. तेथे दोष होताही. परंतु पुढील संशोधनातून, ज्यात केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांचा मोठा वाटा होता, असे दिसले की त्या काळचे पोलादच थंडीत ठिसूळ होत असे. रिव्हेट मारलेल्या जहाजात भेग बहुधा पत्र्याच्या कडेला थांबे. अखंड सांधलेल्या जहाजात ती धावत सुटे. याचा अर्थ पोलाद निवडणारे, आराखडा आखणारे आणि युद्धाची घाई करणारे, हे सारेच त्या सांध्यात होते.

यहेज्केलाच्या २७व्या अध्यायात सोर नगरीला जहाजाची उपमा दिली आहे. तिच्या फटी बुजवणारे गबालचे लोक तेथे ‘शहाणे’ म्हणवले जातात. फटीसाठीचा शब्द ‘बेदेक’. (देबेक आणि बेदेक यांत वर्ण तेच, क्रम निराळा, पण त्यावर फार भार देऊ नये.) हाच ‘बेदेक’ २ राजे १२ मध्ये मंदिराच्या मोडतोडीसाठी येतो. त्या वृत्तांताकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. योआश राजाच्या २३व्या वर्षापर्यंत याजकांनी पैसा घेऊनही डागडुजी केली नव्हती. तेव्हा पेटी ठेवली गेली, आणि तीत साठलेला पैसा राजाचा चिटणीस मुख्य याजकासह मोजू लागला. ज्यांच्या हाती कारागिरांची मजुरी दिली जाई त्यांच्याकडून मात्र हिशेब मागत नसत, कारण ते विश्वासूपणे वागत. चौकशी बसली ती वरच्यांवर.

आपल्याकडे हे बहुधा उलट चालते. गोदीचे भाडे दिवसावर चढते, जहाजमालक घाई करतो, मुकादम रंग फासायला सांगतो, आणि प्रामाणिकपणाचे प्रवचन तेवढे टाकीत आडव्या पडलेल्या माणसाला मिळते. रॉडची भट्टी चालू ठेवणे आणि भेग दिसेपर्यंत थांबणे, या दोहोंना पैसा लागतो. आपणांपैकी जे कोणी असल्या कामांची वेळापत्रके आखतात, त्यांनी ते दोन दिवस कोणाच्या खाती धरले आहेत?