अवजारांची खोली आणि अपरिग्रह

घरातली अडगळ काढणे हा साधनेचा विषय आहे, असे म्हटले तर काहींना हसू येईल. पण तुम्ही भिलाईच्या नेहरू नगरात राहत असाल आणि तुमची उमेद कारखान्यात गेली असेल, तर बहुधा तुम्ही हसणार नाही. तुमच्या घरामागे, गॅरेजमध्ये किंवा जिन्याखाली एक खोली आहे. तिथे बेंच वाइस आहे, ड्रिल मशीन आहे, कानशी, पाने, टॅप आणि डायचे संच आहेत, तेलकट फडक्यात गुंडाळलेला मायक्रोमीटर आहे. वरच्या फळीवर नाण्यांचे डबे, काड्यापेट्यांच्या चित्रांच्या वह्या, कुणा रशियन तंत्रज्ञाने जाताना दिलेला बिल्ला. त्या खोलीची किल्ली तुमच्याच खिशात असते. आणि अलीकडे मुलगा किंवा सून फोनवर हळूच विचारते, "बाबा, त्या खोलीचे काय करायचे?"

या प्रश्नाने मनाला जो चटका बसतो, त्याचा आज विचार करू.

भिलाई हे गावच अवजारांवर उभे राहिले आहे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कालपर्यंत धानाची शेती असलेल्या दुर्ग जिल्ह्यातल्या या भागात देशभरातून माणसे आली. महाराष्ट्रातून, विशेषतः विदर्भातून, अनेक मराठी कुटुंबे आली. हात हीच त्यांची ओळख होती. कोण फिटर, कोण टर्नर, कोण वेल्डर. निवृत्तीनंतर सेक्टरमधले क्वार्टर सोडावे लागले, तेव्हा सामानाच्या ट्रकमध्ये सोफ्याआधी अवजारांची पेटी चढली असेल, याची मला खात्री आहे. नेहरू नगर, स्मृती नगर, रिसाली इथली कितीतरी घरे अशा पेट्यांसह वसली.

म्हणून "आता हे काढून टाका" हे वाक्य ऐकताना केवळ लोखंड जाणार असे वाटत नाही. चाळीस वर्षे ज्या हाताने हजारातल्या दोन भागांचा फरक ओळखला, तो हातच कुणी मोडीत काढतो आहे असे वाटते. पतंजलींच्या योगसूत्रांत अपरिग्रहाचे फळ काय सांगितले आहे, हे आठवून पाहा. बाकीच्या यमांची फळे सहज समजतात. अहिंसा दृढ झाली की सान्निध्यात वैर मावळते, अस्तेय दृढ झाले की रत्ने आपोआप समोर येतात. अपरिग्रह दृढ झाला की मात्र जन्माविषयीचे ज्ञान होते, मी कोण होतो, कसा होतो, पुढे काय होईन, याचे. संग्रह सोडण्याचा आणि स्वतःला ओळखण्याचा काय संबंध, असे तरुणपणी वाटते. अवजारांच्या खोलीत उभे राहिले की संबंध कळतो. प्रत्येक पान्याला "मी" चिकटलेला असतो. पाना सुटला तर मागे कोण उरतो, ही खरी भीती आहे.

व्यासांनी त्या सूत्रांवरील भाष्यात संग्रहाचे पाच दोष दाखवले आहेत: मिळवण्याचे कष्ट, राखण्याचे कष्ट, झीज, आसक्ती आणि हिंसा. पहिल्या दोनांविषयी तुम्हाला सांगायला नको. तिसरा दोष दर पावसाळ्यात दिसतो. भिलाईच्या ओल्या हवेत बिनतेलाची कानस एका मोसमात तांबडी होते आणि एकमेकींवर रचून ठेवलेल्या कानशी न वापरताच बोथट होतात. शेवटच्या दोषाशी बरेच जण अडखळतात. कुणालाही न मारता कुलपात पडलेल्या ड्रिल मशीनने हिंसा कशी होते? माझ्या समजुतीप्रमाणे अशी: त्याच शहरात आयटीआयतून नुकताच बाहेर पडलेला एखादा मुलगा उसन्या पक्कडीवर पंखे दुरुस्त करत फिरतो, आणि इथे तीन पक्कडी गंजत असतात. कुणाचेही वाईट न चिंतता आपण त्याचे काम अडवून धरलेले असते.

पण म्हणून लगेच सगळे देऊन मोकळे व्हावे, असेही नाही. इथे कठोपनिषदाची सुरुवात नीट वाचण्यासारखी आहे. आपण नचिकेत्याचा आणि यमाचा संवाद वाचतो, पण तो संवाद का घडला ते चटकन ओलांडून जातो. वाजश्रवस सर्वस्व दान करायला निघाला होता. दान चालू असताना लहानग्या नचिकेत्याने गायींकडे पाहिले. त्या गायींचे शेवटचे पाणी पिऊन झाले होते, शेवटचे गवत खाऊन झाले होते, दूध आटले होते. असल्या गायी देणारा आनंद नसलेल्या लोकांत जातो, असे त्या मुलाच्या मनात आले आणि त्याने बापाला विचारले, मला कोणाला देणार? पुन्हा विचारले, तिसऱ्यांदा विचारले. बापाने चिडून उत्तर दिले आणि मुलगा यमाच्या दारी तीन रात्री उभा राहिला.

मला हा प्रसंग आपल्या खोलीचाच वाटतो. बहुतेकांचे दान असे होते: चांगला मायक्रोमीटर फडक्यात परत जातो, आणि दात गेलेली करवत, वायरचे आवरण तडकलेले ग्राइंडर, अर्धा संच हरवलेले सॉकेट "गरिबाला उपयोगी पडेल" म्हणून बाजूला निघतात. ती दूध आटलेली गाय आहे. सर्वस्वदानाची पावती हवी असते, पण दुभती गाय गोठ्यात ठेवायची असते. विनोबांच्या भूदानातही हे झाले. १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केले आणि एका थोर यात्रेला आरंभ झाला. पुढे देशभर लाखो एकर मिळाले, पण त्यांतली बरीच जमीन नापीक किंवा तंट्यात अडकलेली निघाली. तरीही विनोबा दान म्हणजे उपकार न मानता, शंकराचार्यांच्या आधाराने, योग्य वाटणी मानत राहिले. वाटणीत भावाला फुटके भांडे देता येत नाही.

म्हणून काही सोडण्याआधी ते तपासा. ग्राइंडरचे चाक मशीनवरून काढा, बोटावर किंवा सळईवर टांगा आणि लाकडी मुठीने हलके ठोका. खणखणीत नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत तडा असू शकतो. ते चाक कुणालाही देऊ नका, फोडून टाका. वेगात फुटलेले चाक डोळा घेते, कधी जीवही. रंगाचे, थिनरचे, आम्लाचे जुने डबे नालीत ओतू नका. मायक्रोमीटर शून्यावर बसतो का ते पाहा. बसत नसेल तर किती फरक आहे ते चिठ्ठीवर लिहून पेटीत ठेवा. दुसऱ्याच्या हाती चुकीचे माप देणे, हेही एक प्रकारचे असत्यच. हे सारे दहा-पंधरा दिवसांचे काम आहे. घाईने एका रविवारी उरकू नका. कबाडीवाल्याच्या काट्यावर चांगले व्हर्नियर आणि मोडका खाटेचा पाय एकाच भावाने जातात, हे पाहणे फार जड जाते. तसे करण्याची गरजही नाही.

विकावे की द्यावे, हा प्रश्न साधक मंडळी नेहमी विचारतात. विकण्यात पाप नाही. उलट, फुकट मिळालेले यंत्र दुसऱ्या महिन्यात भंगारात गेल्याची उदाहरणे सर्वांनीच पाहिली आहेत. थोडे का होईना पैसे मोजणाऱ्या कारागिराला ते जपावेसे वाटते. पॉवर हाउस किंवा सुपेला भागातल्या छोट्या दुरुस्तीच्या दुकानांत चौकशी करा, हातखोजच्या औद्योगिक भागातल्या कामगारांना विचारा, जवळच्या आयटीआयच्या शिक्षकाला भेटा. ब्रिटनमध्ये टूल्स फॉर सेल्फ रिलायन्स नावाची संस्था जुनी अवजारे गोळा करते, स्वयंसेवकांकडून ती दुरुस्त करवून घेते आणि आफ्रिकेतल्या कारागिरांकडे पाठवते. स्वयंसेवकांची दुरुस्तीची मेहनत हाच तिथल्या दानाचा गाभा आहे. तुमचे हात अजून चालत असतील तर तुम्हीही तेवढे करू शकता: मूठ बदला, धार लावा, तेल द्या आणि मग द्या.

दिल्यानंतरची परीक्षा अवघड असते. तो मुलगा तुमच्या रंध्याला भडक निळा रंग लावील. पटाशीने डबा उघडील. सहा महिन्यांनी कदाचित विकूनही टाकील. त्या वेळी तुम्ही रस्त्यात थांबवून "माझी पटाशी कशी आहे?" असे विचाराल, तर ती अजून तुमचीच आहे. एकदा वापर शिकवा, एकदा धोका सांगा, आणि मग विचारणे बंद करा.

आता तुकोबांची आठवण. देहूच्या त्या घरात महाजनकी होती, लोकांकडून येणे असलेली खते होती. दुष्काळानंतर तुकाराम महाराजांनी ती इंद्रायणीत सोडली, हे आपण कीर्तनात ऐकतो. परंपरा त्यात एक बारकावा सांगते, तो मात्र निसटतो: त्यांनी आधी दोन वाटण्या केल्या, अर्धी खते धाकट्या भावाला, कान्होबांना दिली आणि फक्त आपला वाटा पाण्यात सोडला. दुसऱ्याच्या हक्काचा त्याग त्यांनी केला नाही. तुमच्या खोलीतही सर्वकाही तुमचे नाही. काही पाने भावाचे असतील, काही मित्राने ठेवायला दिलेले. पत्नीने तीस वर्षे जी जागा सोडली, तिचाही त्यात वाटा आहे, तिला विचारा. कारखान्याचा शिक्का असलेली एखादी वस्तू निघाली तर तिचे दान करण्याचा अधिकार तुम्हाला नाही, ती परत करण्याचा मार्ग शोधा.

आणि मुलांनाही एक सांगायचे आहे. अपरिग्रह हा यम स्वतःसाठी आहे. तो वडिलांवर चालवायचा दंडुका नव्हे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ रोज सकाळी तासभर वाइसशी उभे राहून शेजाऱ्याच्या कुलपाची किल्ली घासत असतील, तर तो संग्रह नाही, ते काम आहे. हातात असलेले अवजार परिग्रहात मोजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खंडेनवमीला किंवा १७ सप्टेंबरच्या विश्वकर्मा पूजेला फूल वाहिले जाते, पण वर्षभर हात लागत नाही, त्या अवजाराचा विचार करा. स्वीडनमध्ये मृत्यूपूर्वीच्या आवराआवरीला एक स्वतंत्र शब्द आहे. मार्गारेटा मॅग्नुसन या वृद्ध लेखिकेचे त्यावरचे पुस्तक २०१७ मध्ये जगभर गाजले. आपल्यामागे इतरांना हे निस्तरावे लागू नये, असा त्यात विचार आहे. चांगला आहे, पण मला अपुरा वाटतो. मुलांचा त्रास वाचवणे हे एक कारण झाले. वस्तूला तिचे काम परत मिळवून देणे हे त्याहून मोठे.

संग्रहाच्या वस्तूंचे गणित निराळे आहे. नाणे काही काम करत नाही, त्याला कारागीर लागत नाही. त्याला गोष्ट लागते. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे कवी, यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. त्यांत दिवे, अडकित्ते, कुलपे, वज्री, वाद्ये होती, म्हणजे सामान्य घरांत रोज हाताळल्या गेलेल्या वस्तू. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि पुढे सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवला. आयुष्यभर जमवलेले हयातीत सोपवणे, आणि तेही मुलाचे नाव जिला चिकटले आहे ती वस्तू न् वस्तू, हे किती अवघड गेले असेल याची कल्पना करा. आज हजारो माणसे ते अडकित्ते पाहतात, कारण ते कुणाच्या कपाटात राहिले नाहीत.

आपल्यापैकी प्रत्येकाचा संग्रह संग्रहालयाच्या तोलाचा नसतो, आणि संग्रहालये सगळे स्वीकारतही नाहीत. पण चिठ्ठी प्रत्येकाला लिहिता येते: हे कुठून आले, कोणी दिले, कोणत्या वर्षी, कशासाठी वापरत. चिठ्ठी नसलेला रशियन बिल्ला हा पत्र्याचा तुकडा आहे. चिठ्ठी असली तर नातवाला कळते की आजोबांच्या पाळीत दूरदेशीचा एक माणूस होता आणि दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. जुनी नाणी घासून चकचकीत करू नका, त्यांची किंमत त्याने उतरते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो. अशी वस्तू परदेशातल्या मुलाकडे पाठवण्याआधी चौकशी करा.

फोटो काढून ठेवावेत का, असे विचाराल. ठेवा, हरकत नाही. पण तीनशे पान्यांचे तीनशे फोटो म्हणजे तीच खोली फोनमध्ये गेली. भिंतीवर अवजारे टांगलेली असतानाचा एक फोटो पुरे.

आणि एक पेटी राखा. एक हातोडी, एक पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, एक पाना, इन्सुलेशन टेप. नेहरू नगरातही नळ गळतात, आणि प्लंबर रविवारी येत नाही.