एका दिवसात किती देव?

परळीच्या स्टेशनावर सकाळी उतरणाऱ्याला बहुधा संध्याकाळची परतीची गाडी गाठायची असते. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या वैजनाथाच्या मंदिरात श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळून गेलं, तर दर्शन लवकर होतं. मग अंबाजोगाई, जेमतेम २५ किलोमीटर.

कथा अशी की तिथल्या योगेश्वरीचं लग्न वैजनाथाशी ठरलं होतं, पण मुहूर्त टळला आणि देवी कुमारिकाच राहिली. कोकणातल्या अनेक घराण्यांची ही कुलदेवता. ओटी भरायला मंडळी एवढ्या लांब येतात आणि तासाभरात निघतातही!

असं घाईचं दर्शन देवापर्यंत पोचतं का? भाव असला की क्षणही पुरतो, असं आपण म्हणतो. उत्तर खरं असेल, पण ते फारच सोयीचं आहे. संतकवी दासोपंतांनी अंबाजोगाईतच सुमारे ४० फूट लांब कापडावर ‘पंचीकरण’ लिहून काढलं. तीच त्यांची प्रसिद्ध पासोडी. पंचमहाभूतांचा विचार मांडणाऱ्या त्या माणसाला परतीची गाडी नव्हती.

तेव्हा यादीतलं एखादं देऊळ खुशाल गाळा आणि तिथल्याच कवी मुकुंदराजांच्या समाधीपाशी तासभर बसा. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११०चा, म्हणजे इ.स. ११८८चा मानला जातो.