अधोलोक आणि उत्तरदायित्व : ब्रिटिश चित्रपटांतील भुयारी स्थानके

पृथ्वीच्या पोटात दुष्ट शक्तींचे आणि शिक्षा भोगणाऱ्या जिवांचे वसतिस्थान असते, ही कल्पना अनेक प्राचीन धर्मपरंपरांत या ना त्या रूपाने आढळते. ख्रिस्ती परंपरेत तिला सिद्धान्ताचे रूप मिळाले. नरक म्हणजे ईश्वरापासूनचा कायमचा दुरावा, आणि तेथे गेलेल्याला परतीची वाट नाही, असे त्या परंपरेच्या मुख्य प्रवाहाने मानले. १८६३ साली लंडनमध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन या मार्गावर जगातील पहिली भुयारी प्रवासी रेल्वे सुरू झाली, तेव्हा हा अधोलोक रोजच्या येण्याजाण्याची जागा बनला. माणसे तिकीट काढून सकाळी त्यात उतरू लागली आणि संध्याकाळी सुखरूप घरी परतू लागली. या स्थित्यंतराचा नैतिक अर्थ पुढे ब्रिटिश चित्रपटांनी गांभीर्याने तपासला. १९२७ ते १९७२ या काळातील काही चित्रपट एकत्र ठेवून पाहिले, तर त्यांतील भुयारी स्थानके एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतात : दुरित, म्हणजे माणसाच्या हातून घडणारे आणि माणसाला ग्रासणारे अमंगल, खाली मुळातच वसत असते, की वर राहणाऱ्यांनी ते खाली लोटलेले असते?

आल्फ्रेड हिचकॉकच्या 'डाउनहिल' (१९२७) या मूकपटात हा प्रश्न अगदी सरळ रूपात येतो. आयव्हर नोव्हेलोने रंगवलेला रॉडी हा शाळकरी तरुण मित्राला दिलेल्या शब्दापायी त्याच्यावरचा आळ स्वतःवर घेतो, शाळेतून काढला जातो आणि वडिलांच्या रोषामुळे घरालाही मुकतो. त्यानंतर तो मेडा व्हेल स्थानकाच्या सरकत्या जिन्यावर उभा राहतो आणि हळूहळू खाली जात दिसेनासा होतो. १९१५ मध्ये उघडलेले हे स्थानक मुळापासूनच सरकत्या जिन्यांसाठी बांधलेल्या पहिल्या स्थानकांपैकी एक होते, आणि या यंत्राचे वैशिष्ट्य असे की त्यावर उभ्या असलेल्या माणसाला पाऊलही उचलावे लागत नाही. त्याची अधोगती त्याच्या कोणत्याही कृतीवाचून घडते. हे प्रतीक फार बाळबोध होते, असे हिचकॉकने पुढे स्वतःच म्हटले, तरी त्यातील नीतिविचार बाळबोध नाही. रॉडी पापामुळे खाली जात नाही. ज्यांनी शहानिशा न करता निवाडा दिला त्यांच्यामुळे जातो, आणि म्हणूनच शेवटी क्षमा मागण्याची पाळी त्याच्यावर न येता त्याच्या वडिलांवर येते.

दुसऱ्या महायुद्धाने या प्रतीकाची बाजूच पालटली. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर बॉम्बवर्षाव सुरू झाला, तेव्हा भुयारी स्थानकांचा आश्रयासाठी वापर होऊ नये असे सरकारचे धोरण होते; परंतु लोकांनी साधी तिकिटे काढून फलाट गाठले आणि तेथून हलण्यास नकार दिला. शासनाला माघार घ्यावी लागली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एका रात्री सुमारे १,७७,००० माणसे स्थानकांत झोपल्याची नोंद झाली. मृत्यू आकाशातून येत होता आणि अभय जमिनीखाली मिळत होते, म्हणजे स्वर्ग वर आणि नरक खाली ही मांडणी अनुभवानेच उलटी झाली. बेझिल डिअर्डनच्या 'द जेंटल गनमन' (१९५२) या चित्रपटात अशाच आश्रयस्थानी बॉम्ब असलेली पेटी आणली जाते आणि फलाटावरील माणसे वाचावीत म्हणून ती रिकाम्या बोगद्यात फेकली जाते. येथे दुरित खालचे नाही, ते वरून हातात धरून आणलेले आहे. आणि ते वरून आणलेले असल्यामुळेच ते आणणाऱ्याला जाब विचारता येतो.

या विचाराला सर्वांत समर्थ आव्हान रॉय वॉर्ड बेकर दिग्दर्शित आणि नायजेल नीललिखित 'क्वाटरमास अँड द पिट' (१९६७) या चित्रपटाने दिले. हॉब्स एंड या काल्पनिक स्थानकाच्या विस्ताराचे खोदकाम चालू असताना प्राचीन कवट्या आणि एक अज्ञात यान सापडते, आणि हळूहळू उलगडते की पन्नास लाख वर्षांपूर्वी मंगळावरील कीटकसदृश जीवांनी मानवाच्या पूर्वजांत फेरफार केले होते. सैतानाची शिंगे असलेली प्रतिमा ही त्यांचीच आठवण, आणि परक्याचा नायनाट करण्याची माणसाची ओढ हा त्यांचाच वारसा. ख्रिस्ती धर्मशास्त्रातील मूळ पापाची, म्हणजे आदिमानवाच्या पतनाचा डाग प्रत्येक माणूस जन्मतःच घेऊन येतो या संत ऑगस्टीनने मांडलेल्या मताची, ही विज्ञानकथेच्या भाषेतील आवृत्ती आहे. परंतु नीलची कथा येथे थांबत नाही. यानातून जागी झालेल्या शक्तीमुळे शहर उन्मादाने पेटते आणि खुद्द चित्रपटाचा नायक, शास्त्रज्ञ क्वाटरमास त्या लाटेत वाहवतो, तेव्हा त्याचा मित्र डॉ. रोनी मात्र तिच्यापासून मुक्त राहतो, त्याला भानावर आणतो आणि अखेरीस क्रेनवर चढून प्राणाचे मोल देत ती शक्ती नष्ट करतो. वारसा प्रवृत्तीचे स्पष्टीकरण देऊ शकतो, पण त्या प्रवृत्तीला संमती द्यावी की नाही, हा निर्णय वारशाने ठरत नाही, हे रोनीच्या कृतीतून सिद्ध होते.

गॅरी शर्मनच्या 'डेथ लाइन' (१९७२) या चित्रपटात हा प्रश्न पूर्णत्वाला जातो. १८९२ साली बोगद्याचे काम चालू असताना दरड कोसळते, मजूर आत अडकतात, आणि कंपनीचे दिवाळे निघाल्यामुळे त्यांना बाहेर काढलेच जात नाही, अशी या कथेची पूर्वपीठिका आहे. त्या मजुरांचा शेवटचा वंशज रसेल स्क्वेअर स्थानकातून माणसे उचलतो आणि त्यांच्या मांसावर जगतो. तरीही कॅमेरा त्याच्या गुहेतून कट न घेता संथपणे फिरतो, तेव्हा प्रेक्षकाला केवळ प्रेते दिसत नाहीत. मरणपंथाला लागलेल्या गर्भवती सहचरीला वाचवण्याची त्याची केविलवाणी धडपडही दिसते. त्याला भाषा म्हणून एकच वाक्य येते, आणि ते म्हणजे दारे सांभाळण्याची गाडीवरची सूचना. पिढ्यान्‌पिढ्या वरच्या जगाने त्याच्यापर्यंत पोहोचवलेला हा एकमेव शब्दोच्चार आहे, आणि तोही दुसऱ्यांसाठी होता. चित्रपटाच्या आरंभी स्थानकाच्या जिन्यावर एक प्रतिष्ठित अधिकारी निपचित पडलेला दिसतो, तेव्हा त्याला दारुडा समजून पुढे निघून जाण्याचा आग्रह एक तरुण धरतो, आणि त्याची मैत्रीण त्याला थांबवते. कंपनीने मजुरांकडे फिरवलेली पाठ आणि तरुणाची ही घाई, या एकाच वृत्तीच्या दोन पायऱ्या आहेत.

यावरून तो नरभक्षक निर्दोष ठरतो, असे म्हणता येणार नाही. कृत्याचे कारण आणि कृत्याचे उत्तरदायित्व या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मारल्या गेलेल्यांचे मरण कोणत्याही पूर्वपीठिकेने हलके होत नाही. मात्र उत्तरदायित्व एकाच्या माथी मारले की दुसऱ्याचे फिटते, हा समजही तितकाच खोटा आहे. अँग्लिकन उपासनेतील पापकबुलीत केलेल्या दुष्कृत्यांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचाही उच्चार असतो. 'डेथ लाइन' हा अशा न केलेल्या कर्तव्याचा ऐंशी वर्षांनी चुकता होणारा हिशेब आहे.

'क्वाटरमास'चे स्थानक स्टुडिओत उभारलेले होते, तर 'डेथ लाइन'चे चित्रण ऑल्डविच या खऱ्या स्थानकात झाले. १९०७ मध्ये स्ट्रँड या नावाने उघडलेले हे स्थानक होबर्नपासून निघणाऱ्या छोट्या फाट्याचे टोक होते; गर्दीच्या वेळेपुरतीच गाडी धावत असल्याने ते चित्रीकरणाला सहज उपलब्ध होई, आणि १९९४ मध्ये ते प्रवाशांसाठी बंद झाले. खऱ्या फलाटाला तात्त्विक महत्त्व आहे. रंगवलेला नरक प्रेक्षक परलोकाच्या खाती जमा करू शकतो, पण ज्या प्रकारच्या फरशीवरून तो स्वतः रोज चालतो, तिच्यापलीकडच्या अंधाराला परलोक म्हणण्याची सोय त्याला उरत नाही.

प्रेषितांच्या विश्वासांगीकारात, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या प्राचीन संक्षिप्त घोषणेत, ख्रिस्त अधोलोकात उतरल्याचे सांगितले आहे, आणि तेथे अडकलेल्यांना सोडवण्यासाठी तो उतरला असा त्याचा अर्थ परंपरेने लावला. महाभारताच्या स्वर्गारोहणपर्वातही युधिष्ठिर नरकात आपल्या माणसांचा आक्रोश ऐकतो आणि स्वर्ग सोडून तेथेच राहण्याचे ठरवतो. या दोन्ही कथांत श्रेष्ठत्वाची कसोटी खाली उतरण्याची तयारी ही आहे, आणि वर उल्लेखिलेले चित्रपट तीच कसोटी सामान्य नागरिकाला लावतात. नरकाच्या कल्पनेने शतकानुशतके अपराध्याला धाक घातला. भुयारी स्थानकांच्या या कथा तीच कल्पना न्याय देणाऱ्याकडे, बांधकाम अर्धवट टाकणाऱ्याकडे आणि जिन्यावरून घाईने निघून जाणाऱ्याकडे वळवतात. दुरिताचा विचार येथवर आल्याशिवाय पुरा होत नाही, कारण खाली कोण आहे हे ठाऊक झाल्यावर त्याच्याकडे न जाणे हीदेखील एक कृती असते आणि तिचाही जाब द्यावा लागतो.